अण्णांचा डावा कान

"हे तू म्हणालीस न्हवं, आक्का?"

आमच्या छापखान्यात अण्णांनी सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य हेच असणार. तुम्ही काहीही बोला. चहा आलाय म्हणा, पंखा बंद करू का म्हणा, नाहीतर पत्रिकेचा कागद संपला म्हणा. अण्णा डाव्या कानावर तळहात दाबून मान वर करणार, तुमच्या ओठांकडे बघणार आणि आधी हा प्रश्न विचारणार. तुम्ही 'होय, मीच' म्हणालात की मग पुढचं बोलणं. नवख्या माणसाचं यावर डोकं फिरायचं. एका लग्नघरचे मामा तर चिडून म्हणाले, "मग काय माझ्या जागी दुसरं कोण उभं हाय काय?" अण्णा शांतपणे म्हणाले, "विचारलेलं बरं असतंय."

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्या सवयीला सगळे हसतात आणि ती सवय कुठून आली हे कुणी विचारत नाही. आम्हीही हसलो. डावा कान अधू आहे असं आमचं आम्हीच ठरवून टाकलं होतं.

छापखाना बेळगावच्या टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटापासून जवळ. वडिलांनी सुरू केलेला, त्यांच्यामागं मी चालवते. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, आणि वर्षाकाठी चार-पाच पुस्तकं. कॉम्प्युटरवर मजकूर मी जुळवायची आणि प्रुफं अण्णा वाचायचे. ते उचगावहून बसनं यायचे. साठी ओलांडलेली, पांढरा शर्ट, खिशाला तांबडं पेन. वयानं माझ्या वडिलांच्या जवळपासचे, तरी मला आक्का म्हणत. त्यात मालकीण वगैरे काही नव्हतं. आमच्या भागात परकर नेसणाऱ्या पोरीलाही आक्का म्हणतात. आणि मी अण्णांना अण्णा म्हणे, ते मात्र मनापासून.

माझा स्वभाव तापट आहे. जीभ त्याहून. एकदा पत्रिकांची घाई होती, आणि त्यांनी त्या तासाभरात दहाव्यांदा विचारलं, "हे तू म्हणालीस न्हवं?"

मी म्हटलं, "नाही. ही भिंत म्हणाली."

मला वाटलं हसतील. अण्णांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी माझ्यामागच्या भिंतीकडे बघितलं, पेनाला टोपण लावलं आणि बाहेर जाऊन उभे राहिले. पंधरा मिनिटांनी परत आले तेव्हा मी विचारलं, "रागावलात काय?" तर म्हणाले, "न्हाय गं. पण असली चेष्टा करू ने." मी मनात म्हटलं, म्हातारपणी माणसं हळवी होतात. किती सहज आपण माणसाला एखाद्या खणात टाकून मोकळे होतो!

प्रूफ वाचायची त्यांची पद्धत जुनी होती. मूळ हस्तलिखित मी मोठ्यानं वाचायचं आणि त्यांनी छापील कागदावर नजर ठेवायची. नुसतं वाचून भागत नसे. "स्वल्पविराम", "पूर्णविराम", "दुसरी वेलांटी", "नव्या ओळीपासून" असं सगळं खुणांसकट म्हणायचं. आता एवढं कोण करतं? मी म्हणे, "अण्णा, मनातल्या मनात वाचा की. माझा घसा बसतो." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "मोठ्यानं वाच. वाचणारा आवाज माणसाचा पायजे." मी वाचायला लागले की त्यांचा डावा हात कानावर जाई, उजवा कान माझ्याकडे होई, आणि कपाळावरच्या आठ्या हळूहळू मोकळ्या होत. अशा वेळी त्यांच्या नजरेतून चूक सुटणं शक्य नव्हतं. 'आशीर्वाद'मधली वेलांटी चुकली तर ते दुखावल्यासारखे चुकचुकत.

मग कधीतरी त्या चुका सुटायला लागल्या. आधी बारीकसारीक. मी दुर्लक्ष केलं. पण एका लग्नपत्रिकेत नवऱ्या मुलाच्या आजोबांच्या नावाआधी 'कै.' तसंच राहिलं. जुन्या पत्रिकेच्या फाईलवर नवी जुळवताना ती माझ्याकडून राहिलेली चूक, आणि अण्णांच्या नजरेखालून गेलेली. आजोबा धडधाकट. स्वतः काठी टेकत छापखान्यात आले, आणि म्हणाले, "मी गेलो ते मला बी जरा सांगायचं हुतं." लोक हसले, पण मुलाचे वडील हसले नाहीत. सगळ्या पत्रिका पुन्हा छापाव्या लागल्या.

चूक निम्मी माझी होती. राग मात्र पुरा अण्णांवर निघाला. चार माणसांसमोर मी म्हटलं, "दिसत नसेल तर घरी बसा, अण्णा."

त्यांनी या वेळी 'हे तू म्हणालीस न्हवं' असं विचारलं नाही. कानावर हातही गेला नाही. पिशवी उचलली आणि बस धरायला गेले.

दोन दिवस आले नाहीत. मला चुटपुट लागली, पण फोन करायचं काही सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी आले, पुढच्या आठवड्यापर्यंत त्यांची नजर पहिल्यासारखी झाली होती. पहिल्यापेक्षा तिखट म्हणा. मी खूश. बोलण्याचा परिणाम होतो, असं स्वतःला शाबासकी देऊन मी कामाला लागले.

त्याच सुमाराला डॉक्टरीणबाईंचं पुस्तक आलं. या बाई मनाच्या आजारांच्या डॉक्टर. माहेर धारवाडकडचं, भाषा कन्नड, पण वीस वर्षं बेळगावात मराठी माणसांना तपासून त्यांची मराठी पक्की झालेली. आजारी माणसाच्या घरच्यांसाठी त्यांनी हे पुस्तक लिहिलं होतं. एकेक आजार म्हणजे एकेक प्रकरण. काय होतं, का होतं, घरात कसं वागावं, काय बोलू नये. बाई म्हणाल्या, "आमच्याकडे माणसं आधी देवऋषीकडे जातात, मग माझ्याकडे येतात. मधली वर्षं वाया जातात हो. ती वाचवायचीत मला." रुग्णांच्या घरच्यांचा मेळावा ठरला होता, हॉल घेतलेला होता, त्या दिवशी पुस्तक हातात हवं होतं.

अण्णांनी हस्तलिखित दोन्ही हातांनी तोलून बघितलं, पहिली काही पानं चाळली, आणि म्हणाले, "ह्याला घाई करायची न्हाय."

"घाई आहेच अण्णा. तारीख ठरलीय."

"मग मी सकाळची पयली बस धरतो."

पहिल्याच प्रकरणाच्या मथळ्यात माझी चूक निघाली. 'मनोरोग म्हणजे काय' असं हवं होतं. माझ्याकडून 'नो'चा काना गळला आणि झालं 'मनेरोग म्हणजे काय'. मी शाळेत कन्नड शिकलेली, बोटांना दोन्ही भाषांची सवय. अण्णा ते बघून हसायला लागले. इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्यांना असं हसताना मी एरवी कधी पाहिलं नाही.

"मने म्हंजे घर की गं कन्नडात. मनेरोग. घराचा रोग!" मग हसू ओसरलं. पेन काना घालायच्या जागी आणून ते थांबले. "ही चूक दुरुस्त करू ने असं वाटाय लागलंय बघ. एकाला हुतो आणि सगळं घर झोपतंय."

"पुस्तक डॉक्टरांचं आहे, अण्णा."

"ते बी खरंच," म्हणून त्यांनी काना घातला.

चौथं प्रकरण आवाजांचं होतं. मी नेहमीसारखी खुणांसकट वाचत होते. "या आजारात रुग्णाला आवाज ऐकू येत असल्याचा भास होतो, पूर्णविराम."

पेन कागदावर घासल्याचा आवाज आला. अण्णांनी 'येत असल्याचा भास होतो' एवढं खोडलं होतं आणि वर लिहिलं होतं, 'येतात'. रुग्णाला आवाज ऐकू येतात.

मी म्हटलं, "लेखकाच्या मजकुराला हात लावायचा नाही, हे तुम्हीच मला शिकवलंय."

"शिकवलंय."

"मग?"

"मग ह्यो शब्द चुकीचा हाय. भास कसला? आवाज येतोय." त्यांचा डावा हात कानावरच होता. "आत्ता बी येतोय. तू वाचाय लागलीस की जरा मागं सरतो, एवढंच."

मला अजून आठवतं, मी पहिल्यांदा काय केलं. मी मागं वळून भिंतीकडे बघितलं. ती आमची साधी, कॅलेंडर लावलेली भिंत. आणि मी घाबरले.

अण्णा बोलत गेले, एखाद्या जुन्या दुखण्याची हकीकत सांगावी तसे. बाविसाव्या वर्षी उचगावात शेतावर असताना पहिल्यांदा ऐकू आला. बाईचा आवाज. म्हातारीचा नाही, तरणीचाही नाही. डाव्या बाजूनं येतो. कन्नडात बोलतो.

"मला तवा बाजारापुरतं कन्नड यायचं. तिचं निम्मं कळायचं, निम्मं न्हाय. लोक म्हणत्यात अण्णा नोकरीसाठी कन्नड शिकला. मी शिकलो ते ही काय म्हणती ते कळाय पायजे म्हणून. आणि कळल्यावर वाटलं, कळलं नसतं तर बरं झालं असतं."

"काय म्हणते?"

"बा म्हणती. म्हंजे ये. नोड म्हणती. म्हंजे बघ. आणि सारखं आपलं, हेळब्याड. सांगू नको."

"काय सांगू नको? कुणाला?"

"ते एवढ्या वर्सांत कळलं न्हाय मला."

आता त्या प्रश्नाचा अर्थ मला कळला. चाळीस वर्षं हा माणूस प्रत्येक आवाज दाराशी थांबवून विचारत होता, की बाबा, तू बाहेरचा की आतला? आणि आम्ही हसत होतो. मी 'भिंत म्हणाली' म्हणाले होते. त्या आठवणीनं आजही माझे कान तापतात.

औषध चालू होतं. बेळगावात कुणीतरी बघेल म्हणून अण्णा निपाणीच्या डॉक्टरांकडे जात. घरी त्यांच्या बायकोला, आमच्या वहिनींना, सगळं ठाऊक. त्या चंदगडाकडच्या. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यांना कळलं, आणि तेव्हापासून रोज गोळी त्या स्वतः अण्णांच्या हातावर ठेवायच्या. त्या जोरावर अण्णांनी संसार केला, मुलीचं लग्न केलं, इतकी वर्षं कामाला आले. पण अलीकडे गोळी वाढवली होती.

"वाढवल्यापासनं अक्षरं पाण्यात पवत्यात, आक्का. ओळीला ओळ चिकटती. तुझ्या त्या 'कै.'च्या वक्ताला मला तितं कायच दिसलं न्हवतं." त्यांनी खिशातून एक पुडी काढली. प्रुफाच्याच कागदाची. आत गोळ्या. "जिभंखाली धरतो आणि बाहीर आल्यावर काढतो. टाकवत न्हायत. पुस्तक झालं की परत चालू करतो."

म्हणजे माझ्या त्या वाक्यानंतर. 'दिसत नसेल तर घरी बसा.' मी शाबासकी दिली होती स्वतःला.

"अण्णा, हे बरोबर नाही."

"एवढं पुस्तक हुईस्तवर. ह्यातलं एक अक्षर बी चुकता कामा न्हाय. आमच्यासारख्याच्या घरात जाणार हाय हे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "घरात सांगू नको."

सांगू नको. शब्द तोच होता, फक्त मराठीत. त्या दिवशी मला तो ओळखू आला नाही.

आता मी काय करायला हवं होतं, हे तुम्हाला कळतंय. मलाही कळत होतं. समोर ज्या बाईंचं पुस्तक, त्या याच आजाराच्या डॉक्टर. एक फोन पुरला असता. पण तारीख जवळ आली होती. असं प्रूफ वाचणारं दुसरं माणूस मला मिळणार नव्हतं. आणि अण्णा इतकं सुंदर काम करत होते, की डॉक्टरीणबाईंच्या सुद्धा लक्षात न आलेल्या चुका काढत होते. मी मनाची समजूत घातली. मोठं माणूस आहे, त्याचं त्याला कळतं. पंधरा-वीस दिवसांचा तर प्रश्न आहे.

सहाव्या प्रकरणात एक वाक्य होतं. मी ते वाचलं. "औषध आपल्या मनाने कधीही बंद करू नये, पूर्णविराम."

अण्णांनी कागदावरून नजर न उचलता विचारलं, "'कधीही'मधली शेवटची वेलांटी दुसरीच न्हवं?"

"दुसरी," मी म्हटलं. आणि आम्ही पुढच्या ओळीवर गेलो.

नंतर नंतर त्यांचं 'हे तू म्हणालीस न्हवं' वाढलं. मी बोलले नसतानाही ते विचारत. मी 'नाही' म्हटलं की मान हलवून 'बरं बरं' म्हणत. चहा गार होऊ लागला. वाचता वाचता मध्येच विचारत, "हे पुस्तकात हाय?" मी हस्तलिखित पुढं करून दाखवी, मग त्यांचं समाधान होई. आपलं आपण तपासून बघत होते बिचारे, प्रूफ तपासावं तसं. मी रोज म्हणे, उद्या बघू.

शेवटून दुसऱ्या दिवशी मी त्यांनी वाचलेली पानं दुरुस्तीला घेतली. एका पानाच्या समासात तांबड्या शाईत काहीतरी घातलं होतं. मजकूर आत घ्यायची खूण नीट केलेली, आणि अक्षरं कन्नड. 'मनेगे होगु.' घरी जा. पुढच्या पानावर पुन्हा तेच. त्याच्या पुढच्यावर दोनदा.

"अण्णा, हे काय?"

"ऱ्हायलेलं हुतं. तू वाचलीस की."

"मी नाही वाचलं. हे हस्तलिखितात नाही."

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पण आवाज तुझाच हुता, आक्का."

इतकी वर्षं ज्या आवाजाच्या आडोशाला ते बसत होते, तो माझा वाचण्याचा आवाज. आता कानातल्या त्या बाईनं तोच घेतला होता. आणि त्या आवाजात ती काय सांगत होती? घरी जा. चार माणसांसमोर मी जे बोलले होते, त्याचंच कन्नड करून ती त्यांना ऐकवत होती.

तेव्हा तरी मी फोन उचलायला हवा होता. चार पानं उरली होती. मी म्हटलं, "दमलात अण्णा तुम्ही. आज जावा. उद्या चार पानं केली की झालं." ते आज्ञाधारकपणे उठले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला.

"आगं, उठल्यापासनं ते कन्नडात बोलाय लागल्यात. घरात आजपतोर कधी बोलले न्हाईत. मला कन्नडातलं ओ का ठो कळत न्हाय. तू ये की गं. काय म्हणत्यात ते तरी सांग मला."

मी स्कूटर काढली. उचगावात पोचले तेव्हा अण्णा दाराच्या उंबऱ्याच्या आत, जमिनीवर बसले होते. कामावर निघाल्यासारखा पांढरा शर्ट, खिशाला पेन. दोन्ही हात दोन्ही कानांवर. मला त्यांनी पाहिलं, पण माझ्याकडे बघून ते अंग चोरून मागं सरकले. आणि बोलत होते, हळू, विनवणी केल्यासारखं, पुन्हा पुन्हा एकच. "मन्याग अदीनि. मन्याग अदीनि."

वहिनींनी माझा दंड धरला. "काय म्हणत्यात?"

मी म्हटलं, "म्हणतात, मी घरातच आहे."

"मग हाईतच की घरात," वहिनी म्हणाल्या. "कोण न्हाय म्हणतंय त्यास्नी?"

मी दारातून बाहेर आले, अण्णांच्या नजरेआड, आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

बाईंनी सगळी कामं टाकून त्यांना दाखल करून घेतलं. वहिनी आत होत्या तेव्हा बाहेर मला विचारलं, "गोळ्या कधीपासून बंद?" मी दिवस सांगितले. त्यांनी लिहून घेतले. मग एवढंच म्हणाल्या, "सहावं प्रकरण तुम्हीच टाइप केलंत ना?" त्या पुन्हा त्याबद्दल बोलल्या नाहीत, आणि माझ्याबद्दल त्यांनी वहिनींना काही सांगितलंही नाही.

शेवटची चार पानं मी एकटीनं वाचली. मोठ्यानं, खुणांसकट, रिकाम्या खुर्चीसमोर. पुस्तक वेळेवर झालं. छपाईला सोडण्याआधी मी बाईंना चौथ्या प्रकरणातली ती तांबडी दुरुस्ती दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती ओळ दोन-तीनदा वाचली. "वीस वर्षं मी भास म्हणते," त्या म्हणाल्या. "रुग्ण ऐकून घेतात बिचारे. कुणी खोडलं नव्हतं." मग पान माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "त्यांचं ठेवा." पुस्तकात आज ते तसंच आहे.

तीन आठवड्यांनी अण्णा घरी आले. आवाज लांब गेला होता, पुरता गेला नव्हता. हाताला कंप होता आणि बारीक अक्षर दिसत नव्हतं. कामावर येण्याचा प्रश्नच नव्हता. मी पुस्तक घेऊन उचगावला गेले. त्यांनी ते हातात घेतलं, पाठीवरून अंगठा फिरवला, कागद चिमटीत धरून बघितला. "बाइंडिंग बरं झालंय," म्हणाले. नंतर पाच-सहा वेळा गेले असेन, पण त्या दिवसाइतकं ते पुन्हा बोलले नाहीत.

वहिनींनी चहा आणला. माझ्यासमोर बसल्या आणि सरळ विचारलं, "तुला ठाऊक हुतं व्हय गं? हे गोळ्या घेत न्हवते ते?"

अण्णा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत काय होतं हे मी पुष्कळदा आठवून बघितलं. राग तर नव्हताच.

मी म्हटलं, "नाही वहिनी."

अण्णांनी मान खाली घातली आणि पुस्तकाचं पान उलटलं.

"मला बी कळलं न्हाय," वहिनी म्हणाल्या. "रोज ह्या हातानं दिली गोळी, आणि तोंडात गेली का न्हाय ते बघितलं न्हाय. माझीच नजर कमी पडली."

मी चहा प्यायले. बशीसुद्धा विसळून ठेवली.

गेल्या पावसाळ्यात अण्णा गेले. साध्या तापाचं निमित्त झालं. दहाव्याला मी गेले होते. येईल त्या माणसाला वहिनी एकच सांगत होत्या, की दवाखान्यात ठेवायची पाळी आली ती आपल्यामुळं, त्यानंतर ते उभे राहिले नाहीत, आपलं ध्यान नव्हतं. बायका त्यांची समजूत घालत होत्या. मला जवळ बोलावून त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "ही हुती म्हणून डॉक्टर तरी मिळाले. हिचे उपकार हाईत." मी तिथं उभी राहून ते ऐकून घेतलं. डॉक्टरीणबाई सोडल्या तर खरं ठाऊक असलेला एकच माणूस होता, आणि त्याच्याच दहाव्याला मी आले होते.

त्यानंतर दोनदा उचगावला गेले, सांगायचं ठरवून. दोन्ही वेळा वहिनींनी जेवायला वाढलं, आणि मी जेवून परत आले. तोंडानं मला सांगता येत नाही असं दिसतं. लिहिता येतंय. वहिनींना मराठी चांगलं वाचता येतं. हे छापून झालं की त्याची पहिली प्रत मी स्वतः त्यांच्या हातात देणार आहे, आणि त्या वाचेपर्यंत समोर बसणार आहे.

वहिनी, तुमची नजर कमी पडली नाही. मला ठाऊक होतं. अठरा दिवस ठाऊक होतं.